चौदा नंबरचा उतार

१

२०२२ साल, ऑगस्टची दोन तारीख, मंगळवार. सौदीतल्या सरावतच्या डोंगरांत दुपारी साडेतीनला पाऊस कोसळला आणि पाऊण तासात थांबलाही. तेवढ्यात चौदा नंबरचा उतार खाली आला. त्याच्या पायथ्याशी रस्त्याच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. मजूर कामावर गेले होते. आत एकटा हनीफ हुर्जुक होता, म्हसळ्याचा, कॅम्पचा आचारी. दुपारची पातेली घासून आणि रात्रीसाठी चणे भिजत घालून तो जरा आडवा झाला होता. चण्यांचं पातेलं मातीखाली सापडलं. मग हनीफ सापडला.

आणि नकाशावर तो उतार हिरवा होता.

नकाशा केला होता जेद्द्यातल्या एका सल्लागार कचेरीनं. कुठल्या उतारावरची माती किती धुपेल, कुठे काही बांधू नये, हे रंगांनी दाखवणारा नकाशा. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे निर्धास्त. पुढच्या सोमवारी सकाळी कचेरीच्या मुदीर, म्हणजे संचालक, डॉक्टर दुआ यांनी तो नकाशा भिंतीवर लावला आणि चार माणसांना समोर उभं केलं. बसा म्हणाल्या नाहीत.

"गुरुवारी दुपारी चौकशी समितीला मला एक नाव द्यायचं आहे," त्या म्हणाल्या. "उतार हिरवा कुणी केला?"

तिघांच्या माना चौथीकडे वळल्या. अवंती खैरनार, वय सव्वीस, नाशिकची. वर्षभरापूर्वी आलेली. नकाशाच्या कोपऱ्यात करणारीचं म्हणून तिचंच नाव होतं.

"मी केला," अवंती म्हणाली. तिची मान ताठ होती. "पण मी आधी तो लाल केला होता. मग जुन्या पाहणीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की डोंगरावरचे बांध शाबूत आहेत, डागडुजी झाली आहे. म्हणून बदलला. तो कागद रेकॉर्ड रूमचा आहे. त्यावर रेकॉर्ड रूमचा नंबर आहे."

आता सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात अख्तरी परकार उभी होती. वय एकसष्ट, एकवीस वर्षं त्या रेकॉर्ड रूमची राखणदार. तिला फाइल घेऊन बोलावलं होतं. का, ते आत्ता कळलं.

"म्हणजे नावं दोन आहेत," प्रोजेक्ट मॅनेजर मोहन करमरकर शांतपणे म्हणाले.

२

रेकॉर्ड रूममध्ये खिडकी नव्हती. अख्तरीनं दोनशे बारा नंबरची फाइल टेबलावर टाकली आणि अवंतीला म्हणाली, "बस. आणि माझ्यावर खापर फोडण्याआधी मला समजावून सांग, नक्की काय केलंस."

"तुम्हाला नाही कळणार, मावशी. जीआयएसचं आहे, संगणकावरच्या नकाशांचं."

"एकवीस वर्षं नकाशे लावतेय मी. तू बालवाडीत होतीस तेव्हापासून. सांग."

अवंतीनं नाक ओढलं आणि सांगितलं. धूप मोजायची तर पाच गोष्टी लागतात. पाऊस किती, माती कसली, उतार किती, झाडझाडोरा किती, आणि माणसानं माती धरून ठेवायला काय केलंय. प्रत्येकीचा एक थर संगणकात करायचा, एकावर एक ठेवायचा आणि गुणाकार करायचा. चौदा नंबरचे पहिले चार थर भयंकर होते. पण पाचव्यात दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत आणि त्या शाबूत आहेत असं धरलं की आकडा एकदम उतरतो.

"म्हणजे मजगी," अख्तरी म्हणाली. "आमच्याकडे कोकणात डोंगर कापून करतात तशी. आणि पडलेली असली तर?"

"तर उलट. बांधामागे शेकडो वर्षांची माती साठलेली असते. बांध फुटला की सगळी सुटते."

"वरून दिसलं नाही तुला?"

"उपग्रहातून उभी भिंत आणि पडलेली भिंत सारखीच दिसते, मावशी. एक रेघ."

"मग चढून बघायचं होतंस."

अवंतीचे डोळे भरले, पण रागानं. "मला गाडी कोण देतं? मोहन सर म्हणाले, जुने कागद फोल्डरमध्ये आलेत, त्याप्रमाणे पाचवा थर सुधार. आता म्हणतात, मी सर्वसाधारण बोललो होतो, चौदा नंबरचं नाव घेतलं नव्हतं. माझी एक्झिट, देश सोडायची परवानगी, बंद केलीय. आईला सांगितलेलं नाही अजून. आणि तुम्ही मला शिकवताय!"

अख्तरीनं फाइल उघडली. फाइलमध्ये बारा कागद होते, नऊ ते वीस नंबरच्या उतारांचे, २०१२ सालच्या पाहणीचे. प्रत्येकावर पाहणी करणाऱ्याची सही होती, नसरुद्दीन मुकादम. कचेरीचा जुना माणूस, सकाळी त्या चौघांत तोही उभा होता. खाली त्या गावच्या बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, पोचशिक्का, हिजरी तारखेचा. चौदा नंबरवर तारीख होती १५ रबीउल आखिर १४३३, आणि वर पेनानं ८ मार्च २०१२. कागद तसाच पिवळट, फॉर्म तोच जुना. जुने कोरे फॉर्म त्याच खोलीतल्या कपाटात गठ्ठ्यानं पडले होते.

आणि त्या खोलीची किल्ली?

एकवीस वर्षं जोहरच्या, दुपारच्या, नमाजाला जाताना अख्तरी ती दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवत आली होती. कुणाला कागद लागला तर खोळंबा नको. साऱ्या कचेरीला तो खिळा ठाऊक होता.

दारावर टकटक झाली. मोहन करमरकर आत न येताच म्हणाले, "अख्तरीबाई, एक आठवण करून देतो. किल्ली खिळ्यावर असायची हे समितीला सांगायचं की नाही, अजून मी ठरवलेलं नाही."

३

नसरुद्दीन मुकादम जेद्द्याच्या शराफिया भागात राहायचा, एका मल्याळी हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. तो आणि अख्तरी दाभोळ खाडीवरच्या एकाच गावचे, शेजारशेजारच्या घरचे. म्हणूनच दोघं सात वर्षं एकमेकांशी धड बोलले नव्हते. दोन घरांच्या मधला दगडी गडगा कुणाच्या हद्दीत, यावरून गावात दावा चालू होता.

खालच्या हॉटेलात तो चहा पीत बसला होता. अख्तरीला बघून त्यानं कप ठेवला नाही.

"काय गो अख्तरी? तुझ्या भावानं गडगा दोन हात आत सरकवला, आता बहीण माझी मान सरकवायला आली?"

"मान तुझी आहे की नाही ते बघायला आले. ही सही तुझी?"

त्यानं कागदाचा फोटो लांब धरून पाहिला. "माझ्यासारखी आहे."

"मुकादम, तुझी आहे का, ते विचारलं."

"दहा वर्षं झाली बाय! मी शंभर डोंगर चढलो. पण शाबूत बांध?" त्यानं मान हलवली. "त्या खोऱ्यात तेव्हाच अर्धे बांध झोपले होते. तरणी पोरं शहरात गेली, म्हाताऱ्यांना दगड उचलेनात. आपल्याकडचे गडगे दिसतात तसेच. असं मी कशाला लिहीन?"

"पैसे घेऊन."

कप बशीवर आपटला. "हनीफ चार वर्षं माझ्या खोलीत राहिला. त्याच्या हातचं खाल्लं मी. पुन्हा असं बोललीस तर मधल्या गडग्यावर तुझ्या भावाला..." त्यानं वाक्य तिथेच गिळलं.

त्यानं रस्त्याकडे तोंड फिरवलं. पैसे पाठवायच्या दुकानापुढे चार माणसं उभी होती.

"हनीफ यायचा डोंगरावरून," नसरुद्दीन स्वतःशीच म्हणाला. "तेव्हा गुरुवारी इथे पाय ठेवायला जागा नसायची. बुधवारी रात्री गाड्या भरभरून यायच्या सगळीकडून. गुरुवारी सकाळी मासळी, दुपारी क्रिकेट, मग फोनच्या दुकानापुढे रांग. हनीफ रांगेतसुद्धा भांडायचा, माझा नंबर आधी होता म्हणून. आता सगळी गर्दी शुक्रवारी. गुरुवार गेला तो गेलाच."

अख्तरीलाही ते गुरुवार आठवले. नवरा होता तेव्हा. रांगेत उभा राहून तो मागे वळून तिला हात करायचा.

ती उठली. "मोहन करमरकर तेव्हा तिकडे बाहा शहरात होते ना? आपल्याबरोबर पाहणी करणाऱ्या त्या दुसऱ्या कंपनीत?"

"तो म्हणतो, होता. दोन हजार नऊपासून होता म्हणे. मी कधी बघितला नाही. पण आम्ही डोंगरावर, ती माणसं एसीत. कुठे दिसणार?"

ती कंपनी केव्हाच बंद पडली होती. करमरकर २०१४ मध्ये या कचेरीत आले ते 'सौदीतला जुना माणूस' म्हणूनच.

रस्त्यावर उतरणाऱ्या अख्तरीला नसरुद्दीननं मागून हाक मारली. "अख्तरी! त्या पोरीला विचार, माझे बाकीचे कागद तिच्या नकाशावर नीट बसतात का. नाही बसायचे. नीट बसला, तो माझा नाही."

४

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अवंतीच्या संगणकावर बारा कागद एकेक करून चढले. शेजारच्या टेबलावर सिद्धार्थ गजभिये बसला होता. नागपूरचा, उपग्रहाची चित्रं वाचणारा, २०१७ मध्ये आलेला. अवंती येईपर्यंत नकाशांवर त्याचं नाव असायचं, आणि हे तो विसरलेला नव्हता.

"गुप्तहेर खातं उघडलं का?" तो म्हणाला. "आपा, उगाच दमू नका. या मॅडमना घाई होती नकाशावर नाव लावायची. लागलं आता नाव."

"तुला आनंद झालाय," अवंती म्हणाली.

"मला? एक माणूस मेलाय. मी असतो तर साइटवर गेल्याशिवाय रंग बदललाच नसता."

"मग मीटिंगमध्ये तोंड का उघडलं नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

"ए, गप्प बसा दोघं," अख्तरी म्हणाली. "पोरी, तो कागद बसतो का सांग."

पहिला कागद बसला नाही. त्यावरचे बांध पडद्यावर डोंगराऐवजी ओढ्यात उतरले. दुसराही तसाच. अवंतीनं कपाळाला हात लावला. "अरे देवा. जुनी मोजणी. तेव्हाचे नकाशे वेगळ्या पायावर काढलेले असत. आजच्या उपग्रहाच्या नकाशावर ते शे-दोनशे मीटर सरकलेले दिसतात. सगळे एकाच दिशेला."

अकरा कागद सरकले. चौदा नंबर मात्र रेघेवर रेघ असा बसला. एक बांध इकडचा तिकडे नाही.

सिद्धार्थ खुर्ची ओढून जवळ आला. आता तो कुजकं बोलला नाही. "हा २०१२ चा नाहीच. कुणीतरी आपल्याच नव्या चित्रावरून गिरवलाय."

"मग हे तुला आधी का दिसलं नाही?" त्यानं अवंतीला विचारलं.

"कारण तो बसत होता!" ती ओरडली. "जे बरोबर बसतं ते कोण तपासतं?"

अख्तरीनं चौदा नंबर उचलला आणि ती खाली आली. कागद खोटा, तर तारीखही कुणीतरी मनानं घातलेली. अकरा कागदांवर अकरा तारखा होत्या. ही बारावी का निवडली असेल? तिनं २०१२ चं आवकीचं रजिस्टर काढलं. तिच्याच अक्षरात, रोज एक पान, वरती तारीख आणि वार. पाच मार्च. सहा मार्च. सात मार्च.

तिनं पान उलटलं. मग पुन्हा मागचं पाहिलं. मग रजिस्टर मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

कागद कुणी केला असेल, यातून जुनी माणसं एकदम वगळली जात होती. ज्यानं ही तारीख घातली, तो २०१३ च्या आधी या मुलखात राहिलेलाच नव्हता. नसरुद्दीन अठ्ठ्याण्णवपासून इथला. करमरकर दोन हजार नऊपासूनचे. उरले दोघं, सिद्धार्थ आणि अवंती.

जिला वाचवायला ती निघाली होती, फास तिच्याच गळ्याकडे चालला होता.

५

बुधवारी सकाळभर अख्तरी हिशेब मांडत बसली. डबाही उघडला नाही. अवंतीनं हा कागद केला असता, तर तो जुळत नाही हे तपासायची वेळ आल्यावर तिनं सगळ्यांसमोर बारा कागद चढवले असते? नसते. सिद्धार्थनं केला असता, तर 'नव्या चित्रावरून गिरवलाय' हे त्यानंच सांगितलं असतं? तेही जुळेना.

मग तिला नसरुद्दीनचं बोलणं आठवलं. तो म्हणतो, होता. मी कधी बघितला नाही.

आणि कॅम्प. नकाशा पुरा व्हायच्या दोन महिने आधीच कॅम्प तिथे उभा होता. रस्त्याच्या ठेकेदाराला तिथे बसा असं कुणीतरी आधीच सांगितलं असणार. नकाशा लाल आला असता तर त्या माणसाचं तोंड काळं झालं असतं.

दुपारी ती स्वतःहून करमरकरांच्या केबिनमध्ये गेली. हात जोडले नाहीत, पण खांदे पाडले.

"साहेब, तुम्हीच सोडवा. समिती म्हणेल कागद खोटा. खोटा ठरला की विचारतील, मग तो वापरायला कुणी सांगितलं? ती पोर तुमचं नाव घेणार."

"तिच्या शब्दाला काय किंमत?"

"किंमत नाही हो. पण कागद खरा आहे असं बघितलेला एक माणूस असता, तर विषयच संपला असता. पाहणी जुनी होती, मागाहून बांध पडले, अल्लाची मर्जी. कुणाचीच चूक नाही. मुकादम तर हात वर करून बसलाय. तुम्ही तेव्हा बाहाला होतात ना?"

करमरकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिच्याकडे रोखून पाहिलं. खिळ्यावर किल्ली ठेवणारी एक घाबरलेली म्हातारी, एवढंच त्यांना दिसलं असावं.

"होतोच की. तो कागद मीच बलदियात नेला होता. शिक्का माझ्यासमोर पडला."

"तुम्ही स्वतः? त्या तारखेला?"

"स्वतः. नीट आठवतं. आठवड्याचे कागद गुरुवारी जमा करायचे, ही माझी तेव्हापासूनची शिस्त. इथेही मीच लावली. गुरुवार होता, खिडकीपुढे गर्दी होती, तासभर उभा होतो. तिथला कारकून चहा पाजल्याशिवाय सोडेना."

"एवढं लिहून द्याल, साहेब? सहीनिशी? माझी नोकरी वाचेल."

"तुमची नोकरी," करमरकर हसले. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

६

गुरुवारी साडेअकराला डॉक्टर दुआंच्या खोलीत पुन्हा तेच सगळे जमले. नसरुद्दीन भिंतीला टेकून, सिद्धार्थ मोबाइलशी चाळा करत. अवंतीचे डोळे सुजले होते. समिती साडेबाराला येणार होती.

"नाव?" दुआ म्हणाल्या.

अख्तरीनं आधी बारा कागदांचं सरकणं सांगितलं. अवंतीनं ते पडद्यावर दाखवलं. मग अख्तरीनं करमरकरांचं निवेदन पुढे ठेवलं. दुआंनी ते मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे कागद खरा?" त्यांनी विचारलं.

"मी तेच म्हणतोय," करमरकर म्हणाले. "संगणकावर सरकतो की नाही हे पोरांचे खेळ आहेत. मी तिथे उभा होतो. गुरुवारी, आठ मार्च, दोन हजार बारा."

अख्तरीनं रजिस्टर उघडून दुआंसमोर फिरवलं. "मॅडम, हे माझं त्या सालचं रजिस्टर. पान बघा. बुधवार, सात मार्च. आता पुढचं."

दुआंनी पान उलटलं. "शनिवार, दहा मार्च." त्या थांबल्या. मग निवेदनाकडे पाहिलं, मग पुन्हा रजिस्टरकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरलं, आणि ते हसू नव्हतं.

"गुरुवारी," त्या म्हणाल्या. "माझं लग्न झालं दोन हजार बारामध्ये. गुरुवारी झालं. तेव्हा सगळ्यांचीच लग्नं गुरुवारी होत, कारण गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. माझे वडील बलदियात होते. त्यांची अख्खी कचेरी जेवायला आली होती. शुक्रवार-शनिवार सुट्टी झाली ती दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात." त्यांनी मान वर केली. "त्या गुरुवारी तुम्हाला कुठली खिडकी उघडी सापडली, मिस्टर करमरकर?"

करमरकरांनी निवेदन आपल्याकडे ओढलं.

"तारखेत... वारात माझी गल्लत झाली असेल," करमरकर म्हणाले. "दहा वर्षं झाली."

"वार तुम्ही नाही चुकलात," अख्तरी म्हणाली. "आठ मार्चला गुरुवारच होता. चुकला तो शिक्का. इथे त्या काळी राहिलेला माणूस गुरुवारी बलदियाचा शिक्का मारणार नाही, खोटासुद्धा नाही. हनीफ आचारी होता, त्यालाही ते कळलं असतं. गुरुवार हा जिथे कामाचा शेवटचा दिवस असायचा, अशा ठिकाणाहून आलाय हा कागद. साहेब, दोन हजार बारामध्ये दुबईत सुट्टी कधी असायची?"

करमरकरांचा चेहरा पडला. "दुबईचा काय संबंध?"

"कचेरीतल्या पोरी सांगतात, तुम्ही पार्टीत दुबईच्याच गोष्टी सांगता. बाहाची एकही नाही."

दुआंनी तोवर संगणकावर त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, नंबर टाकला होता. "मुलखात पहिला प्रवेश," त्यांनी वाचलं, "नोव्हेंबर दोन हजार चौदा. बाहाच्या कंपनीचं तुमचं प्रमाणपत्रसुद्धा मग असंच गिरवलेलं आहे का?"

"हे बघा," करमरकर उभे राहिले आणि त्यांचा आवाज चढला. "ठेकेदार उन्हात माणसं घेऊन उभा होता! मी फोनवर सांगून बसलो होतो, बसा तिथे, काही होत नाही म्हणून. त्या डोंगरात वर्षात पाऊस पडतो किती? चार दिवस! मग ही बाई लाल नकाशा घेऊन आली. एका रंगासाठी अख्खा कॅम्प हलवायचा? सगळे मला वेडा म्हणाले असते. पावसाचं कुणाला माहीत होतं?"

"मला," अवंती म्हणाली. "मी लाल रंगवला होता."

नसरुद्दीन भिंतीपासून सुटला आणि करमरकरांच्या अंगावर गेला. सिद्धार्थनं त्याला कमरेत धरलं. "सोड! माझ्या सहीनं मारला त्यानं हनीफला! माझ्या सहीनं!"

"किल्ली!" करमरकर ओरडले. "किल्ली कुणी ठेवली होती खिळ्यावर, ते विचारा या बाईला!"

सगळे थबकले. दुआंनी अख्तरीकडे पाहिलं.

"मी," अख्तरी म्हणाली. "एकवीस वर्षं. तेही लिहून घ्या, मॅडम. आणि या पोरीनं डोंगर न चढता कागदावर विश्वास ठेवला, तेही लिहा."

अवंतीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं थोबाडीत मारली होती.

७

मोहन करमरकरांवर खोट्या कागदाचा आणि हलगर्जीनं मृत्यू ओढवल्याचा खटला चालला. तीन वर्षांची शिक्षा झाली. ती भोगल्यावर मुलखात परत यायला कायमची बंदी आली. पुण्यात ते आता कुणाला भेटत नाहीत असं ऐकिवात आहे.

सिद्धार्थ गजभिये त्यांच्या केबिनमध्ये बसतो. साइटवर गेल्याशिवाय रंग बदलू देत नाही, आणि गाडी तिसऱ्यांदा मागितल्यावर देतो.

अवंतीची एक्झिट आठवड्याभरात उघडली. कोऱ्या कागदावर चार ओळींचा राजीनामा देऊन ती नाशिकला गेली. तिथल्या एका कॉलेजात जीआयएस शिकवते. पहिल्याच आठवड्यात पोरांना डोंगर चढवते आणि पडलेले बांध हातानं मोजायला लावते म्हणतात. अख्तरीला तिनं एकदाही फोन केला नाही. अख्तरीनंही केला नाही. नकाशा नव्यानं निघाला, त्यात चौदा नंबर लाल आहे. कोपऱ्यात नाव सिद्धार्थचं आहे.

नसरुद्दीन पुढच्या वर्षी खलास म्हणून, नोकरी संपवून कायमचा, गावी आला. गडग्याचा दावा चालूच आहे. पावसाळ्यात मधला भाग ढासळला तेव्हा त्यानं एकट्यानं दगड पुन्हा रचले, अर्धा हात परकारांच्या बाजूला. अख्तरीच्या भावानं त्यावरही अर्ज टाकला.

डॉक्टर दुआंनी अख्तरीचे आभार मानले आणि ऑक्टोबरात तिला कामावरून कमी केलं. किल्लीचं उत्तर कुणीतरी द्यायलाच हवं होतं, आणि अख्तरीला ते चूक वाटलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं पक्कड आणून तो खिळा उपटला.

गावी आल्यावर, थंडीत, ती म्हसळ्याला हनीफच्या घरी गेली. त्याची बायको झेबा ओटीवर चिंच निवडत होती. अख्तरीनं सगळं सांगितलं: उतार, कागद, शिक्का, गुरुवार. झेबानं मान वर केली नाही. चिंचोके एका बाजूला पडत राहिले.

"त्यांचा फोन गुरुवारी यायचा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून, दर गुरुवारी. मी सकाळीच न्हाऊन बसायची. मग एका उन्हाळ्यात एकाएकी शुक्रवारी यायला लागला. मी किती भांडले त्यांच्याशी, आपा. म्हटलं, खरं सांगा, आता गुरुवारी कोण आहे तुमची? ते हसायचे. म्हणायचे, अगं, सरकारनं वार बदललाय. मी कधी खरं मानलं नाही."

तिनं हातातली चिंच खाली ठेवली.

"म्हणजे ते खरं सांगत होते," झेबा म्हणाली.